उपजत मृत्यूची नोंद: नमुना ३ पुरा होईपर्यंतचा माझा अनुभव

जन्म-मृत्यू नोंदणीच्या अहवालांत जन्माला नमुना १, मृत्यूला नमुना २ आणि उपजत मृत्यूला, म्हणजे बाळ मृतच जन्मलं तर, नमुना ३. पहिले दोन रोजच्या वापरातले, तिसऱ्याचा गठ्ठा कपाटात तसाच पडलेला असतो आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. सिंधुदुर्गात आधी आरोग्य सेविका आणि पुढे आरोग्य सहाय्यिका म्हणून काम करताना हा अहवाल मला मोजक्याच वेळा भरून घ्यावा लागला, आणि पहिल्या फेरीत बिनचूक असा एकदाही झाला नाही. कुठे अडतं ते इथे लिहिते. उदाहरण एकाच नोंदीचं घेते, कारण तिच्यात जवळपास सगळ्या अडचणी एकत्र आल्या होत्या.

पहिलटकरीण. नवरा नालासोपाऱ्याला, ती स्वतः वसईतल्या एका कारखान्यात पॅकिंगला. तपासण्या तिकडच्याच एका खासगी डॉक्टरकडे. सातव्यात ओटी भरली आणि ती कोकण रेल्वेने देवगडकडे माहेरी आली. शेवटच्या पाळीची तारीख १२ जानेवारी. बाळ पोटात गेल्याचं सोनोग्राफीत कळलं आणि ५ ऑगस्टला दुसऱ्या तालुक्यातल्या एका रुग्णालयात बाळंतपण झालं. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ होती: ‘आययूएफडी (बाळ पोटातच गेलं), २६ आठवडे.’ वजन नाही, लिंग नाही, ठोके कधी शेवटचे ऐकले तेही नाही. नमुना ३ भरलाच नव्हता, कारण रुग्णालयाच्या हिशेबी हा गर्भपात होता.

आपल्याकडे नोंदणीसाठी गर्भ २८ आठवड्यांचा असावा लागतो. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा नुसतं ‘ठरवून दिलेला काळ’ म्हणतो, २८ हा आकडा नियमांतून येतो. अमेरिकेत साधारण २० आठवड्यांपासून मोजतात, त्यामुळे तिकडच्या आणि इकडच्या आकड्यांची तुलना करताना आधी हे बघावं. २८ आठवडे म्हणजे १९६ दिवस, आणि बोटांवर मोजलेले ‘सात महिने’ नेमके याच सुमाराला भरतात. म्हणजे कायद्याने बाळ मोजायला सुरुवात होते तेव्हाच आमची बाई सासरच्या उपकेंद्रातून किंवा मुंबईच्या डॉक्टरकडून उठून माहेरी आलेली असते. तिची फाइल मात्र तिकडेच राहते. कोकणातली अर्धी गडबड इथेच होते.

आता हिशेब बघा. १२ जानेवारी ते ५ ऑगस्ट हे २०५ दिवस, म्हणजे २९ आठवडे २ दिवस. नालासोपाऱ्याहून व्हॉट्सअॅपवर मागवलेल्या पहिल्या सोनोग्राफीत मात्र गर्भ पाळीच्या हिशेबापेक्षा ९ दिवसांनी लहान होता. ती सोनोग्राफी दहाव्या आठवड्याची. नवव्या ते तेराव्या आठवड्यात फरक ७ दिवसांहून जास्त असेल तर सोनोग्राफीची तारीख धरायची, असा प्रसूतिशास्त्रातला संकेत आहे. तसं केलं तर बरोबर १९६ दिवस, २८ आठवडे पूर्ण. मग २६ आले कुठून? बाळ गेल्याचं निदान ज्या सोनोग्राफीत झालं तिच्यातल्या मापांवरून. शेवटच्या तिमाहीतली सोनोग्राफी वय सांगताना तीन आठवडेही चुकू शकते. त्यातून बाळाची वाढच खुंटलेली असेल तर माप हमखास कमी येतं. वाढ खुंटणं हे पोटात बाळ जाण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक. म्हणजे ज्या कारणाने बाळ गेलं, त्याच कारणाने ते नोंदीतूनही बाहेर पडतं. म्हणून नियम साधा ठेवावा: वय सगळ्यात जुन्या कागदावरून काढायचं, सगळ्यात नव्या कागदावरून नाही.

रुग्णालयात गेले तेव्हा एमसीपी कार्ड (गरोदरपणाच्या तपासण्यांचं माता-बाल कार्ड), पहिल्या सोनोग्राफीची प्रत आणि दिवसांचा हिशेब लिहिलेला कागद बरोबर नेला. हे तिन्ही समोर ठेवले की बहुतेक डॉक्टर वाद घालत नाहीत. डिस्चार्ज कार्डावर खाडाखोड करून घ्यायची नाही. जुना आकडा वाचता येईल असा एका रेघेने कापायचा, शेजारी नवा आकडा, सही, तारीख, शिक्का. केस पेपरवरही तेच, नाहीतर दोन कागद दोन गोष्टी बोलतात. नोंद रजिस्टरात चढून गेल्यावर चूक सापडली, तर कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती होते. ती निबंधक करतो, आणि त्याला पुरावा लागतो.

आठवडे निदान नंतरही काढता येतात. वजन आणि शेवटचे ठोके नंतर मिळत नाहीत.

बाळ हातात आल्यावर पहिल्या तासात जे झालं नाही ते कायमचं राहिलं. वजन करायचं ते नग्न बाळाचं, किंवा आधी कोरडं फडकं काट्यावर ठेवून काटा शून्य करून. ओल्या दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या वजनात शंभर-दीडशे ग्रॅम कापडाचे असतात, आणि १००० ग्रॅमच्या आसपासच्या बाळाला तेवढ्याने फरक पडतो. लांबी डोक्यापासून टाचेपर्यंत, पाय सरळ करून. आठवडे अजिबात कळत नसतील तर १००० ग्रॅम किंवा ३५ सेंटिमीटर हा आंतरराष्ट्रीय तुलनेतला पर्यायी निकष आहे, म्हणून हे दोन आकडे हवेतच. लिंग बघायचं आणि लिहायचं. ‘काय होतं?’ असं आई चार दिवसांनी विचारते आणि कुणालाच माहीत नसतं, असं होऊ नये.

मग बाळ ताजं की मुरलेलं. एचएमआयएसच्या, म्हणजे आरोग्य खात्याच्या माहिती प्रणालीच्या, मासिक अहवालात दोन वेगळे रकाने आहेत: कळा सुरू असताना गेलेलं बाळ (ताजं) आणि कळांच्या आधीच गेलेलं बाळ (मुरलेलं). पहिल्यात बहुधा दोष प्रसूतीच्या वेळच्या काळजीत असतो, दुसऱ्यात गरोदरपणातल्या तपासण्यांत. म्हणून हा रकाना महत्त्वाचा, आणि म्हणूनच तो सोयीने भरला जातो. लेबर रूममध्ये त्वचा बघून ठरवतात. बाळ जाऊन साधारण सहा तास झाले की त्वचा सुटायला लागते, दिवसभरात फोड येतात, सालं निघतात, नाळ तांबूस-तपकिरी होते. आणखी काही दिवसांनी कवटीची हाडं एकमेकांवर चढलेली दिसतात. पण त्वचेवर फार विसंबू नये. वैभववाडीच्या वरच्या वाडीतून जीपने निघालेल्या बाईचे सहा तास रस्त्यातच जातात. खरा पुरावा म्हणजे दाखल करताना ऐकलेले बाळाचे ठोके. दाखल होताना ठोके होते आणि बाळ मृत जन्मलं, तर ते प्रसूतीदरम्यान गेलं, मग त्वचा कशीही दिसो. त्यामुळे केस पेपरवर ‘ठोके आहेत’ एवढ्याने भागत नाही. ‘१३८, सकाळी १०.४०, डॉपलर (ठोके ऐकायचं यंत्र)’ असं हवं. डॉपलर लावताना दुसरा हात आईच्या मनगटावर असू द्या. आईची नाडी धावत असेल तर तीच बाळाचे ठोके म्हणून ऐकू येते, आणि मग गेलेलं बाळ कागदावर दोन तास जिवंत राहतं. डॉपलरची बॅटरी संपलेली असणं ही तर नेहमीचीच रड. साधा फिटोस्कोप, म्हणजे बिनबॅटरीची ठोके ऐकायची नळी, टेबलाच्या खणात असावा.

उलटी चूकही होते, आणि ती मला जास्त खटकते. बाळाने एकदा श्वास घेतला, नाळेत ठोके लागले, हात हलला आणि पाच मिनिटांत ते गेलं, तर ते उपजत मृत्यूत बसत नाही. तो जिवंत जन्म आणि नंतरचा मृत्यू. नमुना १ सुद्धा, नमुना २ सुद्धा, वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र वेगळं आणि बालमृत्यूचं अन्वेषण वेगळं. एवढं सगळं टाळायला एक नमुना ३ पुरतो. कुणी मुद्दाम करतं, कुणी ‘तसंही जगलं नसतं’ म्हणून करतं. आईला मात्र ते रडणं ऐकू आलेलं असतं.

ग्रामपंचायतीत याच्या उलट गोंधळ. ‘मेलेलं आहे ना, मग मृत्यूच्या रजिस्टरात घ्या’ असं सांगतात. कायद्याच्या व्याख्येत ‘जन्म’ या शब्दात जिवंत जन्म आणि उपजत मृत जन्म दोन्ही येतात, आणि ‘मृत्यू’ हा जिवंत जन्मानंतरच होतो. म्हणून उपजत मृत्यूला नमुना २ लागत नाही, नमुना ४ चं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्रही लागत नाही. त्याचं रजिस्टर वेगळं आहे, नमुना ९.

नोंद होते घटना घडली तिथे, बाई राहते तिथे नाही. आमच्या बाईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत दोन हेलपाटे मारून घरच्यांना हे कळलं. रुग्णालयात झालं तर अहवाल द्यायची जबाबदारी तिथल्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याची, घरच्यांची नाही. घरी झालं तर घरच्या कर्त्याची. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या बायका बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जातात, तिथे झालं तर नोंद गोव्यात. कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात झालं तर कोल्हापुरात. आणि घाटात, गाडीत झालं तर? वाहन जिथे पहिल्यांदा थांबेल तिथल्या निबंधकाला वाहनाच्या प्रमुखाने कळवायचं, असं नियमात आहे. व्यवहारात गाडी थांबते ती थेट रुग्णालयात, आणि तिथले म्हणतात, ‘आमच्याकडे झालं नाही.’ अशा वेळी नियमाची ही ओळ तोंडपाठ असलेली बरी.

मुदत २१ दिवसांची. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश. ५ ऑगस्टचे २१ दिवस २६ तारखेला भरत होते, गणपती तोंडावर आलेले, चाकरमानी उतरायला लागलेले, सगळी ऑफिसं अर्धी रिकामी. आठवडे दुरुस्त करून घेण्यातच अकरा दिवस गेले होते. तरी नोंद मुदतीत झाली, कारण दुरुस्ती आणि नमुना ३ दोन्ही कागद एकाच फेरीत पुढे केले.

नमुना ३ मध्ये वरचा भाग कायदेशीर: तारीख, लिंग, वडील, आई, ठिकाण, माहिती देणाऱ्याचं नाव व सही. खालचा सांख्यिकीचा: आईचं राहण्याचं गाव, वय, शिक्षण, प्रसूती कुणी केली, गरोदरपणाचे आठवडे आणि गर्भमृत्यूचं कारण. आईच्या राहण्याच्या गावाची ओळ नीट भरा. नोंद कुठेही झाली तरी ती बाई कुठली, हे फक्त त्या ओळीवरून कळतं. आमच्या केसमध्ये तिथे माहेर लिहिलं होतं. खरं तर नालासोपारा हवं होतं. बाळाच्या नावाची ओळ या नमुन्यात नाही. काही घरांत नाव ठरलेलं असतं, ते विचारतात. उत्तर एकच: जागा नाही.

कारणाच्या ओळीत ‘आययूएफडी’ लिहू नये. त्याचा अर्थ ‘बाळ पोटात गेलं’ एवढाच, म्हणजे प्रश्नच उत्तर म्हणून लिहिल्यासारखं. ‘गळ्याभोवती नाळ’ हेही सवयीचं उत्तर. सुखरूप जन्मलेल्या चार-पाच बाळांतल्या एकाच्या गळ्यालाही वेढा असतो. वेढा घट्ट होता, खूण उठली होती, नाळ दबलेली दिसत होती, असं काही असेल तरच ते कारण. नाहीतर आईचा आजार लिहा: वाढलेलं बीपी, मधुमेह, वार (प्लासेंटा) आधीच सुटणं, ताप. आमच्याकडे आषाढात लावणीच्या चिखलात उभी राहिलेली बाई तापाने आली तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) तपासणी झाली का ते विचारावं. लेप्टोने पोटातलं बाळ जाऊ शकतं. कारण खरोखर कळलं नसेल तर ‘तपासण्या करूनही कारण अज्ञात’ आणि ‘तपासणी केली नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. नुसतं ‘अज्ञात’ लिहिलं की दुसरं पहिल्याच्या आड लपतं.

कारण शोधायला सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे वार, आणि तीच दहा मिनिटांत दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. निदान वजन करा, उलटून बघा: पाठीवर काळी गुठळी चिकटलेली आहे का, पांढरट कडक पट्टे आहेत का. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर, अशा तीन वाहिन्या मोजा. फोटो काढा. वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्म तपासणीला पाठवायची असेल तर १० टक्के फॉर्मॅलिन, वारेच्या दहापट, रुंद तोंडाच्या डब्यात. जंतूंच्या तपासणीचा तुकडा मात्र आधी, फॉर्मॅलिनशिवाय वेगळा काढायचा. आईचा रक्तगट, साखर, सिफिलिसची तपासणी परत बघा. आई आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांत, बाळ गेलं म्हणून ते चुकू देऊ नका. पिवळ्या पिशवीचा नियम बाळाला लावणारेही भेटतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत फक्त जगण्याची क्षमता येण्याआधीचा गर्भ धरलेला आहे. २८ आठवड्यांचं बाळ घरच्यांच्या हाती द्यायचं, त्यांनी मागण्याची वाट न बघता विचारायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरतं. याची कल्पना डिस्चार्जच्या वेळी कुणी देत नाही, आणि ती घरी एकटी घाबरते. छाती घट्ट बांधू नये, पिळत बसू नये. दूध थांबवायची गोळी डॉक्टर देतात. बीपी वाढलेलं असेल तर बहुधा देत नाहीत.

घरच्यांना वाटतं, या कागदाचा उपयोग काय. आमच्या बाईच्या बाबतीत तो रोख होता. उपजत मृत्यूचं प्रमाणपत्र म्हणून जन्म-मृत्यूच्या दाखल्यासारखा वेगळा नमुना नियमांत नाही, म्हणून नोंदणी क्रमांक आणि तारीख असलेली पोच मागून घ्यावी, आणि डिस्चार्ज कार्ड जपावं. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने (२०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) ‘मूल’ या शब्दात उपजत मृत बाळही धरलं होतं. सव्विसाव्या आठवड्यापर्यंतचा गर्भपात असेल तर पगारी रजा ६ आठवडे. त्यापुढे ते बाळंतपण, आणि पहिल्या दोन मुलांपर्यंत रजा २६ आठवड्यांची. अट एवढीच की आधीच्या वर्षभरात ८० दिवस काम झालेलं असावं. कार्डावरच्या ‘२६’ आणि ‘२८’ मधलं अंतर कारखान्याच्या हिशेबात २० आठवड्यांच्या पगाराचं होतं. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना अशा वेळी ६० दिवसांची विशेष रजा २०२२ पासून आहे, तिथेही २८ आठवड्यांचीच व्याख्या. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पुढच्या गरोदरपणात तिला नवीन लाभार्थी म्हणून धरतात, पण त्यासाठी आधीच्या गरोदरपणाचा शेवट पोर्टलवर भरलेला असावा लागतो.

आणि तो भरलेला नसतो. कारण मोजणाऱ्या वह्या तीन आहेत. जन्म-मृत्यू नोंदणीचं सीआरएस घटना घडलेल्या जागेवर मोजतं. एचएमआयएस रुग्णालयाच्या दारावर मोजतं. आरसीएच, म्हणजे माता-बाल आरोग्याचं पोर्टल, बाईच्या मागे जातं, पण सेविकेला बातमी कळेल तेव्हाच. मासिक सभेला सगळे आकडे घेऊन येतात. आकड्यांनी ताळा जमत नाही. मी नावांची यादी नेते: नाव, एलएमपी (शेवटच्या पाळीची तारीख), बाळंतपणाची संभाव्य तारीख. संभाव्य तारीख उलटून १५ दिवस झाले आणि पुढे काही लिहिलेलं नाही, त्या प्रत्येक घरी आशाताईंचा फोन. लपलेले उपजत मृत्यू याच यादीत सापडतात.

वरच्या पातळीवरही हाच प्रकार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये भारतात सुमारे ३ लाख ४० हजार उपजत मृत्यू झाले, दर हजार जन्मांमागे जवळपास १४. आपल्या नमुना नोंदणी पाहणीत (एसआरएस; इथे ‘नमुना’ म्हणजे निवडक भाग) हाच दर ३-४ येतो. २०१४ च्या नवजात कृती आराखड्याचं उद्दिष्ट २०३० पर्यंत हा दर एक आकडी करण्याचं आहे. पाहणीचा आकडा धरला तर ते कधीच गाठून झालं! आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये निवडक रुग्णालयांतून उपजत मृत्यूंच्या सर्वेक्षणाच्या सूचना काढल्या त्या यासाठीच.

गावात सांगायची गोष्ट मात्र एकच आहे आणि ती पोस्टरवर लहान अक्षरांत असते. २८ आठवड्यांनंतर आपल्या बाळाची हलण्याची पद्धत ओळखून ठेवायची. शंका आली तर कुशीवर पडून मोजायचं. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा कमी वाटल्या, तर त्याच दिवशी दवाखाना. ‘नववा लागला की जागा कमी पडते, बाळ हलत नाही’ हे खोटं आहे. ‘सकाळपासून पोर हलणा नाय’ असं सुनेने म्हटल्यावर आमच्याकडे आधी साखरपाणी देतात, मग देवाला गाऱ्हाणं घालतात, मग संध्याकाळची एसटी गेलेली असते. माता बैठकीत मी सासूला पुढे बसवते, कारण गाडी सांगायची की नाही हे तीच ठरवते. झोपताना उताणं नको, कुशीवर; डावी-उजवीचा फार बाऊ नको.

पुढच्या खेपेला ती ‘अतिजोखमीची’ म्हणून नोंदवली जाईल, दर महिन्याच्या ९ तारखेच्या सरकारी गरोदर तपासणीला येईल आणि डॉक्टर पहिल्यांदा मागचं कार्ड मागतील. म्हणून डिस्चार्ज कार्ड, पहिली सोनोग्राफी, वारेचा अहवाल आणि नोंदणीची पोच एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड गाठ मारून, तांदळाच्या पिंपात वर ठेवायला सांगते. जून ते सप्टेंबर आमच्या घरांत कोरडी जागा तेवढीच असते.